जपानी पाहुण्याचं पोट अन् माझं ‘सॉरी’

हसायचं असंल तर पोटभर हसा, पण माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं ते ऐकाच!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी वसमतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो. त्याआधी दोन वर्षं मुंबईत जपानी कापूस-व्यापाऱ्याच्या गोदामात काढलेली, म्हणून मला जपानी येतं असा माझा समज. त्याहून वाईट म्हणजे, मॅनेजरसाहेबांचाही तोच समज! साहेब मद्रासकडचे. बोलणं सगळं इंग्रजीत.

एक दिवस तानाका नावाचे जपानी व्यापारी कापूस बघायला आले. पार आखाडा बाळापूरकडून आलेल्या कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या. पाहुणा हो म्हणाला की सगळा कापूस जाणार! सकाळी पाहुण्यानं भाकरी-ठेचा खाल्ला अन् दुपारी पोट धरून बसला.

साहेब हळहळले. “आय ॲम सॉरी! सांग त्यांना.”

आता सॉरी म्हणजे काय हो? माफ करा! मी छाती फुगवून म्हणालो, “गोमेन नासाई!”

पाहुणा ताठ झाला. “माफी कशाची? काय केलं तुम्ही?”

मी साहेबांना त्यातलं नुसतं ‘काय केलं?’ एवढंच विचारलं. त्यांना वाटलं, जेवणाची चौकशी चाललीय. खुशीत म्हणाले, “ठेचा! खास यांच्यासाठी वेगळा करवून घेतला!”

मी तेही शब्दाला शब्द पोचवलं. पाहुणा पांढराफटक!

“व्हेरी सॉरी!” साहेब पुन्हा म्हणाले. मी पुन्हा माफी मागितली, या खेपेला कमरेत वाकून! पाहुण्यानं टोपी उचलली अन् मोटारीकडं निघाला.

बाहेर गाडीवाल्यांत गलका. “काहून निघाला हो पाहुणा? कापूस वापस न्यायचा का आमी?”

मी पाहुण्याच्या मागं धावलो.

तेवढ्यात कापूस निवडणाऱ्या गंगाबाई ताकाचा तांब्या घेऊन आडव्या आल्या. “लेकराचं पोट दुखून राहिलं अन् तुमी नुसते बोलून राहिले!” ताक आंबट तर न्हाई ना, म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या ओंजळीत ओतून चाखलं, मग तांब्या पुढं केला. पाहुण्यानं पाहिलं. थांबला. प्यायला.

मग मला हळूच विचारलं, “साहेबांनी काही चूक केलीय, की माझ्या दुखण्याचं त्यांना वाईट वाटतंय?”

“वाईट वाटतंय! नुसतं वाईट वाटतंय!” मी ओरडलोच.

पाहुणा असा हसला, की त्यानं पुन्हा पोट धरलं. “अहो, मग ‘ओदाइजी नी’ म्हणा. तब्येतीला जपा! माफी मागितली की वाटतं, यांनीच काही भलतं खाऊ घातलं.” तीनदा घोकून घेतलं माझ्याकडून.

रागानं माझ्याकडं नुसतं बोट दाखवलं असतं, तरी माझी नोकरी गेली असती. त्या भल्या माणसानं ते केलं नाही. उलट सगळा कापूस घेतला. त्याचे अन् गंगाबाईंचे उपकार मी अजून मानतो.

पाहुणा निघताना साहेब म्हणाले, “आमच्या माणसाचं जपानी कसं वाटलं, विचार त्यांना.”

म्हणजे विचारायचं मीच! विचारलं.

पाहुणा म्हणाला, “औषधापेक्षा भारी. हसून हसूनच बरा झालो.”

“काय म्हणाले?” साहेब.

“म्हणाले, एकदम बराबर हाय, सर!”

जाणूनबुजून चुकीचा केलेला माझा तो पहिलाच तर्जुमा. आधीचे सगळे प्रामाणिकपणे चुकलेले!