सदर गावाची फाइल

सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढली की पेन्शन मिळतेच, पण किस्सेही इतके साठतात की ते ठेवायला वेगळं कपाट लागावं. आमच्या बाकावर अशी चार कपाटं रोज सकाळी सात वाजता येऊन बसतात. एकाचं दार उघडलं की बाकीच्यांची आपोआप उघडतात. त्यातले बरेचसे किस्से जुन्या साहेबांचे, ते जाऊ देत. हे मात्र माझे स्वतःचे आहेत आणि त्यांची रीतसर फाइल आहे. खोटं वाटत असेल तर घरी या, दाखवते.

बाक म्हणजे दिल्लीत पटपडगंजच्या आमच्या सोसायटीच्या बागेतला, सिमेंटचा, बरोबर चार माणसांचा. डाव्या टोकाला देवधर, कृषी खात्यातून रिटायर. मग शेखसाहेब, मूळचे रत्नागिरीचे, सगळी हयात नियमांच्या पुस्तकांत गेलेली. मग कांबळेताई, नागपूरच्या, जनगणनेच्या कामातल्या, म्हणजे समोरून चार माणसं गेली तरी ह्या मनात मोजणार. आणि उजव्या टोकाला मी, मोहितेबाई. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा अमेरिकेत, आणि जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात. बिल्कुल खरं आहे.

*

सुरुवात केली माझ्या मुलानं, निखिलनं. तो पूर्वी तिकडे मोठ्या शहरात होता, तेव्हा मी दोनदा जाऊन आले होते. दीड वर्षापूर्वी त्याचा घटस्फोट झाला आणि तो नोकरी बदलून आयोवामधल्या एका लहानशा गावात गेला. चारी बाजूंनी मका, मध्ये गाव, गावात शेतीची यंत्रं बनवणारा एक कारखाना, त्यात हा इंजिनिअर.

एका सकाळी फोनवर म्हणाला, आई, आता तू कायमची इकडेच ये, फ्लॅट विकून टाकू. मग गावाचे गुण सांगायला लागला. शांत आहे, हवा स्वच्छ आहे, लायब्ररी चालत जाण्यासारखी आहे, लोक दाराला कुलूप लावत नाहीत. दिल्लीची हवा विषारी आहे, तू तिथे एकटी आहेस, मला काळजी वाटते.

मी म्हटलं, बाळा, मी हिंदूरावच्या हॉस्पिटलात जन्मले, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले, सरकारी क्वार्टरमध्ये संसार मांडला. ही हवा माझ्या फुफ्फुसांना ओळखते. त्यावर तो म्हणाला की तू नुसता विचार तर कर. एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला आणि गावाचे अठ्ठेचाळीस फोटो पाठवले.

*

ते फोटो मी बाकावर दाखवले. देवधरांना मका आवडला. कांबळेताई म्हणाल्या, फोटोत माणसं का नाहीत? आणि मग तिघांनी एकदम सल्ले द्यायला सुरुवात केली, जा, जाऊ नका, जाऊन बघा.

शेखसाहेबांनी हात वर केला. तोंडी सल्ल्याला किंमत नाही म्हणाले. आपल्या चौघांच्या नोकरीत एक शिपाईसुद्धा तोंडी हुकमावर हलला नाही, आणि मोहितेबाईंना तोंडी हलवायचं? दुसऱ्या दिवशी ते लक्ष्मीनगरच्या स्टेशनरीवाल्याकडून फाइलकव्हर, हिरवे कागद आणि पांढरी दोरी घेऊन आले. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. विषय लिहिला: श्रीमती मोहिते यांच्या सदर गावी स्थलांतराचा प्रस्ताव. आयुष्यभर इंग्रजी-हिंदीत टिपण्या लिहिल्या, ही पहिलीच फाइल मराठीत, म्हणून आम्ही सगळे जरा सरळ बसलो. तेव्हापासून त्या गावाचं खरं नाव कोणी घेतलं नाही. ते 'सदर गाव'च झालं.

नियम साधा होता. प्रत्येकानं चौकशी करायची, टिपणी लिहायची, खाली सही करायची. शेवटचा शेरा माझा. त्याआधी मी काही बोलायचं नाही, हा नियम मी पहिल्याच दिवशी मोडला.

*

पहिली टिपणी कांबळेताईंची. त्यांच्या नातीनं त्यांना टॅबवर नकाशात शिरून रस्त्यावरून चालायला शिकवलं. चार दिवस बाई घरात खुर्चीवर बसून सदर गाव फिरल्या. गल्ली न् गल्ली. आम्हाला तर वाटलं आजारी पडल्या.

पाचव्या दिवशी टिपणी आली. मी जशीच्या तशी सांगते: 'सदर गावाच्या तीन फेऱ्या केल्या. पायी चालणारी व्यक्ती एकही आढळली नाही. एक कुत्रा आढळला, तोही गाडीत बसलेला. मंडई आढळली नाही. बाक दोन आढळले, दोन्ही रिकामे.'

देवधर म्हणाले, थंडी असेल. ताई म्हणाल्या, झाडांना हिरवी पानं होती, मी तीही पाहिली आहेत.

*

आता जरा भांडणाचा किस्सा. एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात एक प्रॉपर्टी डीलर, त्याच्यामागे एक तरुण जोडपं आणि त्यांच्या हातात मोजायची टेप. मी काही विचारायच्या आत बाई स्वयंपाकघरात! नवऱ्याला सांगतेय, ये दीवार तोड़ देंगे, ओपन किचन हो जाएगा. त्या भिंतीवर माझ्या नवऱ्यानं स्वतः ठोकलेली फळी आहे. तिरकी आहे. तीस वर्षं मी त्याला तिरकी म्हणून टोमणे मारले आणि सहा वर्षं ती तशीच जपली.

मी त्या बाईच्या हातातून टेपचं दुसरं टोक घेतलं, गोळा करून तिच्या पर्समध्ये ठेवलं आणि म्हटलं, "बेटा, दीवार के साथ मैं भी हूँ, मुझे भी नाप लो, कहाँ रखोगी?" बिचारी चांगली होती, सॉरी आंटी म्हणाली. मी त्यांना चहा पाजला आणि मग घालवलं.

डीलरला विचारलं, पत्ता कुणी दिला? तर म्हणे, आपके बेटे ने ऑनलाइन डाला है.

त्या दिवशी निखिलला मी सोडला नाही. मला इतका राग आला होता की आवाजच फुटेना, मग फुटला तो असा की खालच्या मजल्यावरून खन्ना वर आल्या. मी म्हटलं, तू मला न विचारता माझं घर बाजारात ठेवलंस, मी काय जुनं फर्निचर आहे? तो म्हणत राहिला, आई, फक्त अंदाज घ्यायला टाकलं होतं. खन्ना हे सगळं ऐकून म्हणाल्या, मोहितेजी, आप तो लकी हो, बेटा बुला रहा है, हमारा तो पूछता भी नहीं. मी त्यांच्यावरही ओरडले. दुसऱ्या दिवशी खीर घेऊन जाऊन माफी मागितली, पण खन्नांची. निखिलची नाही.

*

हे बाकावर सांगितलं तेव्हा देवधरांना त्यांचा जुना किस्सा आठवला. हा आम्ही शंभरदा ऐकला आहे, पण तुम्ही नाही, म्हणून सांगते.

देवधरांना एकदा दोन वर्षांसाठी भोपाळला डेप्युटेशनवर पाठवलं. डेप्युटेशन म्हणजे बदली नव्हे. बदलीत माणूस उठला की खुर्ची गेली. डेप्युटेशनवर तुम्ही परक्या ऑफिसात काम करता, पण इथली जागा तुमच्याच नावावर राहते. देवधर परत आले तर त्यांच्या खुर्चीत कोणी एक भाटिया. टेबलावर त्याच्या बायकोचा फोटो, खिडकीत त्याचं मनीप्लँट.  देवधरांनी स्टूल आणलं, त्याच्या शेजारी बसले, डबा उघडला. रोज. तीन आठवडे. चौथ्या आठवड्यात भाटिया मनीप्लँट उचलून स्वतःहून दुसऱ्या खोलीत गेला.

देवधर म्हणतात, जागा आपली असेल तर भांडावं लागत नाही, फक्त यावं लागतं. शेखसाहेब म्हणतात, एका जागेवर दोघांना कायम नेमता येत नाही, हा नियम बारा वाचला असता तर स्टूलही लागलं नसतं.

*

मग शेखसाहेबांनी प्रस्तावावर आक्षेप काढला. प्रस्तावात कारण दिलंय 'आई एकटी आहे'. हे कारण टिकत नाही, कारण रोज सकाळी तीन साक्षीदार हजर असतात. निखिलनं योग्य कारण लेखी द्यावं. हा कागद मी फोटो काढून त्याला पाठवला. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, बाकावरून फोन लाव, मी बोलतो.

आम्ही चौघं दाटीवाटीनं एका मोबाइलसमोर. तिकडे संध्याकाळ, खिडकीबाहेर बर्फ. कांबळेताईंनी विचारलं, शेजारी कोण राहतं? एक म्हातारे गृहस्थ, म्हणाला, ते बर्फ साफ करताना हात हलवतात. बोलतात काय? हात हलवतात. देवधरांनी मक्याबद्दल विचारलं. मग ताई म्हणाल्या, घर दाखव बघू. त्यानं फोन फिरवला. स्वच्छ घर, मोठं स्वयंपाकघर, टेबलाभोवती चार खुर्च्या. तीन खुर्च्यांवर घडी न केलेले कपडे आणि एक रिकामी. टेबलावर एक ताट.

कांबळेताईंनी ते मोजलं हे मला कळलं. त्यांनी टिपणीत ते लिहिलं नाही.

*

आठवड्यानं निखिलचा कागद आला. हातानं लिहून, स्कॅन करून. सातवीपर्यंत शिकलेलं मराठी, अक्षर कोंबडीचे पाय. मी घरी वाचला नाही, छापून तसाच बाकावर नेला, कारण फाइलचा कागद फाइलमध्येच वाचायचा. शेखसाहेबांनी मोठ्यानं वाचला.

"कारण: आई एकटी नाही. मी एकटा आहे."

 माळी पाण्याचा पाइप ओढत समोरून गेला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, नाक ओढणीला पुसलं.

मग फाइल हातोहात फिरली. देवधरांनी लिहिलं, हरकत नाही. ताईंनी लिहिलं, हरकत नाही. शेखसाहेबांनी आपला आक्षेप मागे घेऊन लिहिलं, हरकत नाही, आणि मला म्हणाले, फ्लॅटचं बघून घेऊ, तुम्ही जा.

तर मला पुन्हा राग आला. आधी पोरगा मला उचलायला निघाला होता, आता हे तिघं दयेनं उचलत होते! मी म्हटलं, यार, तुम्ही लोकांनी एवढी वर्षं काय काम केलं? 'हरकत नाही' लिहून मोकळे! पेन द्या इकडे.

आणि शेवटचा शेरा लिहिला. तो असा:

'कारण योग्य आहे. स्थलांतर नामंजूर. श्रीमती मोहिते यांना सदर गावी सहा महिन्यांच्या डेप्युटेशनवर पाठवण्यात येत आहे. मूळ जागेवरचा हक्क कायम राहील. भिंत पाडू नये. निखिल यांनी खुर्च्यांवरचे कपडे उचलून ठेवावेत.'

सही केली, तारीख घातली. प्रत निखिलला. त्याचं उत्तर तासाभरात आलं, कपडे उचलले.

*

मार्चमध्ये मी गेले. पानिपतची रजई, तीन किलो थालीपिठाची भाजणी आणि फाइलची एक प्रत घेऊन. सदर गावात मी पायी फिरते, मला बघून गाड्या थांबतात, लोक विचारतात काही मदत हवी का. हात हलवणाऱ्या म्हाताऱ्यांना मी थालीपीठ नेऊन दिलं. आता ते बोलतात, आणि थांबतच नाहीत.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी जेवताना बाकावरून व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे सात. समोर देवधर, शेखसाहेब, ताई, आणि उजव्या टोकाला, माझ्या जागेवर, माझी जुनी उशी ठेवलेली. तेवढ्यात नव्या टॉवरमधले कोणी एक रिटायर्ड कर्नल फिरत फिरत आले. उंच, मिशा, हातात काठी. उशीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, ये सीट खाली है क्या?

निखिल घास हातात धरून बघत राहिला. मीही.

शेखसाहेब उठून उभे राहिले. पूर्ण उभे, संयुक्त सचिव समोर आल्यासारखे.

"जी नहीं," ते म्हणाले. "मैडम डेप्युटेशन पर हैं।"