विठाने आधी विळा लावला

बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या वाटेवर चिंचेचा पाडा. तिथल्या सखाची बायको विठा ही एवढ्यातेवढ्याला दुसऱ्याला विचारणारी बाई. माहेरी बापाला विचारायची, लग्न होऊन आली तशी सासूला. सासू गेली, तरी कालवणात मीठ टाकताना तिचा हात जरा अडायचाच आणि नजर चुलीमागच्या कोपऱ्याकडे जायची, जिथे म्हातारी बसत असे. शेजारची ठमी हे बघून हसायची.

“अगो, आता काय म्हातारी वरून सांगेल व्हय, मीठ टाक म्हणून?”

विठाही हसायची. पण कुणाला विचारल्याशिवाय तिचं पाऊल उचलत नसे, हे खरं. अशा बाईच्या हातून ते घडलं म्हणूनच पाड्याला इतकं लागलं. एखाद्या उनाड पोरीने केलं असतं, तर दोन शिव्या देऊन लोक विसरले असते.

पाड्याची एक रीत होती. भात पिकलं तरी कुणी आपल्या मनाने विळा लावायचा नाही. दसऱ्यानंतर हिरामणच्या घरच्या कर्त्या पुरुषाने गावदेवीपुढे नारळ फोडायचा, आपल्या खाचरातली पहिली मूठ कापून देवीला वाहायची, मग बाकीच्यांनी कापणीला उतरायचं. विळ्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात. त्यात कुणाला कधी वावगं वाटलं नव्हतं, कारण हिरामणचा बाप काय, आजा काय, बारा महिने शेतातच असायचे. पीक बघायचे आणि नारळ फोडायचे.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. हिरामण अंबरनाथला एका काड्यापेटीच्या कारखान्यात लागला आणि बुवापाड्यात खोली घेऊन राहिला. मागे शेत बघायला धाकटा भाऊ पदू. त्या साली दसरा झाला, सोनं वाटून झालं, पण हिरामणचा पत्ता नाही. पदूला कुणी काही म्हटलं की तो हात झटकायचा.

“मान थोरल्याचा. मी विळा लावला नि उद्या कुणाचं ढोर मेलं, तर तुमी मलाच धरणार.”

ते तरी काय खोटं होतं?

विठाचं खाचर माळाच्या कडेला. तिथे पाणी ठरत नाही म्हणून ती लवकर पिकणारं हळवं भात लावायची. इतरांचं आठ-पंधरा दिवस मागे. तिच्या लोंब्या पिवळ्या झाल्या, वाकल्या, आणि मग नुसता पदर लागला तरी दाणे गळायला लागले. चिमण्यांना दिवाळीआधीच दिवाळी. सखा, ती आणि मुलगी चंद्री, तिघांच्या वर्षाच्या भाकऱ्या त्या एका खाचरातून निघायच्या.

“अवो, दाणं गळतात,” ती सखाला म्हणाली.

“गळू दे. चार लोकांचं होईल ते आपलं होईल.”

“चार लोकांचं अजून शेताला धरून हाय. आपलं मातीत चाललं.”

“मंग आण्णाला इचार.”

आण्णा म्हणजे गावकीतला सगळ्यांत म्हातारा माणूस. त्याने तंबाखू मळत मळत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पदूला इचार.” पदू म्हणाला, “हिरामणला इचार.” विठाला वाटलं, बरं झालं, एक तरी नाव ठरलं. काकड्या-शिराळ्यांची पाटी विकायला ती अधूनमधून उल्हासनगरला निर्वासितांच्या कॅम्पात जायचीच. या खेपेला अंबरनाथला उतरून आधी बुवापाड्यात गेली.

हिरामण खोलीच्या दारात दाढी करत बसला होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्याने विठाचं बोलणं ऐकलं.

“रजा मिळाली की येतो ना, वयनी. तवर कुणी विळा लावायचा नाय.”

“रजा कवा मिळंल?”

“दिवाळीचं काम हाय. सायेब देईल तवा.”

“सायबाला आपलं भात पिकलेलं ठाव हाय?”

“सायबाला कसं ठाव असंल?” हिरामण हसला. “त्यालाबी वर इचारावं लागतं.”

विठा पाटी उचलून निघाली. वाटेत तिला वर कोण असेल याचा काही केल्या थांग लागेना. गावदेवीच्या वर हिरामण, हिरामणच्या वर साहेब, साहेबाच्या वर आणखी कुणी. आणि त्या सगळ्यांच्या खाली तिच्या लोंब्या.

कॅम्प एकमधल्या बराकीत चेतीबाई नावाची सिंधी बाई तिची नेहमीची गिऱ्हाईक. काकडी मोडून कडू आहे का बघितल्याशिवाय घ्यायची नाही, पण पाणी विचारल्याशिवाय परत पाठवायचीही नाही. विठाचा उतरलेला चेहरा बघून तिने काय झालं म्हणून विचारलं. विठाने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. चावल, पकलेला, काटनेका नाय, मालिक आया नाय. चेतीबाईने पायरीवरच बसकण मारली.

“हमारा भी चावल खड़ा था, माई. सिंध में. इतना ऊँचा. छोड़के आए.” मग आत बघून आवाज खाली आणला. “मेरा आदमी बोलता है, काटके निकलना था. मैं बोलती हूँ, बोने से पहले ही निकलना था. रोज़ झगड़ा.”

“मंग सच्चा कोन?” विठाने आशेने विचारलं.

“क्या मालूम!” चेतीबाई म्हणाली, आणि काकडीचा कडू निघालेला तुकडा तिला परत दिला.

संध्याकाळी विठा पाड्यावर आली तेव्हा मलंगगडाच्या माथ्यावर काहीतरी काळं बसलं होतं. ढग म्हणावा तर ढग, दिवेलागणीचा अंधार म्हणावा तर अंधार. तिने सखाला दाखवलं. त्याला धूर वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिमण्या हाकायला खाचरावर गेली. बांधावरचं गवत कापावं म्हणून विळा कमरेला होता. पुढे पाड्यात कितीदा तरी तिला विचारलं गेलं, पण पहिली मूठ हातात कशी आली ते तिला कधीच सांगता आलं नाही. वारा पश्चिमेचा झाला होता आणि ओला लागत होता, एवढं तिला आठवायचं. एक मूठ कापल्यावर ती थांबली. मागे वळून पाहिलं. कुणी ओरडलं नाही, जमीन फाटली नाही. तिने दुसरी मूठ धरली.

चंद्री भाकरी घेऊन आली ती बांधावरच थबकली.

“आये, काय करतंस? नारळ फुटला काय?”

“नाय.”

“मंग?”

“काय म्हाईत. तू विळा आन जा.”

थोड्या वेळाने सखा आला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि खाचराकडे पाठ करून पेंढ्याचे बंध वळत बसला. कुणी विचारलंच, तर मी विळा धरला नाही, असं त्याला सांगता येणार होतं. बंध मात्र भाऱ्यांना पुरून उरतील एवढे वळले.

ठमी पाण्याला निघाली होती. हंडा कमरेवर तसाच, ती बांधावर उभी राहिली.

“इठे! तुला गो कुणी सांगितलं?”

“कुणी नाय.”

“कुणी नाय म्हंजे?”

‘कुणी नाही’ म्हणजे कोण, ते विठालाही कळत नव्हतं.

कापलेलं भात एरवी शेतातच पसरून वाळवायचं. विठाने ते ओलंच घरी आणलं आणि ओटीवर, माजघरात, चुलीच्या वर माळ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे पसरलं. माणसं अंगणात आली. पाड्याने बघितलं आणि ठरवलं, बाईला वेड लागलं.

दुपार कलली आणि पाऊस आला. साधासुधा नाही, ऐन आषाढात यावा तसा. रात्रभर पडला, दुसऱ्या दिवशी पडला. पाड्याचं उभं भात आडवं झालं, पाण्यात लोळलं, आणि ऊन पडेस्तोवर लोंब्यांना जागच्या जागी कोंब फुटले. हिरामणला रजा मिळाली ती त्यानंतर. तो नारळ घेऊन आला आणि चिखलात उभा राहून बघत बसला.

विठाचं भात घरात कोरडं होतं. तिला वाटलं, आता लोक म्हणतील, बाईने नीट ओळखलं. पण गावकी बसली ती वेगळंच घेऊन.

“नारळाआधी हिनं विळा लावला,” पदू म्हणाला. “देवी कोपली नि पाऊस आला.”

“अरं, पाऊस येनार म्हणून तिनं कापलं,” सखाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“तिनं कापलं म्हणून पाऊस आला!” चार-पाच आवाज एकदम उठले.

आण्णाने हात वर केला. “थांबा. तिलाच इचारू. इठे, खरं सांग. पाऊस येनार म्हणून तू कापलंस, का तू कापलंस म्हणून पाऊस आला?”

विठाने खूप विचार केला. पाऊस येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं का? नव्हतं. देवीला राग आला असेल का? असेलही. पण तिच्या घरात कोरडं भात आणि शेजारी कोंब फुटलेला चिखल. मग तो राग कुणावरचा म्हणायचा?

“मला म्हाईत नाय,” ती म्हणाली. “दाणं गळत हुतं, एवढं म्हाईत हुतं.”

गावकीला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. चूक कबूल केली असती तर दंड करून सोडता आलं असतं. बरोबर होतं म्हणाली असती तर भांडता आलं असतं. शेवटी ठरलं की सखाच्या घराशी कुणी बोलायचं नाही.

बोलणं बंद झालं ते खरंच झालं. विहिरीवर विठा गेली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. चंद्रीला होळीच्या फेरात कुणी घेतलं नाही. विठा सकाळी कोपऱ्याकडे बघायची, आणि म्हातारी असती तर काय म्हणाली असती, तेही तिला सुचायचं नाही.

मग उन्हाळा सरत आला आणि पेरणीचं बियाणं काढायची वेळ झाली. कोंब फुटलेलं भात काही पेरता येत नाही. पाड्यात निकोप दाणा होता तो एकाच घरात. पुढच्या दाराने येणं गावकीच्या शब्दाबाहेर, म्हणून लोक परसातून यायला लागले. पहिली ठमी आली, सूप घेऊन.

“मी तुज्याशी बोलत नाय हां,” ती म्हणाली. “हे सूप भरून दे.”

“भरून देते. पर हे हळवं हाय, ठमे. लवकर पिकंल.”

“इचारलं का मी तुला?”

विठाने सूप भरलं, वर आणखी एक ओंजळ टाकली. मागोमाग बाकीचे आले. सगळ्यांत शेवटी पदू. त्याने सूपही आणलं नव्हतं, धोतराच्या सोग्यात बांधून नेलं आणि जाताना दारालाच म्हणाला, “पुढल्या साली फेडू.”

पुढच्या साली पाऊसपाणी बरं झालं. दसरा आला तसे आण्णा, पदू आणि या खेपेला वेळेवर रजा मिळालेला हिरामण असे तिघे विठाच्या पुढच्या दाराने आले. हिरामणच्या हातात नारळ होता.

“वयनी, पाड्यात सगळीकडं तुजंच बी हाय,” तो म्हणाला. “बी जिचं, विळा तिचा. देवीनं तुला धाडलंय.”

“गेल्या साली देवी कोपली हुती ना?”

“ती गेल्या सालची गोष्ट,” आण्णा म्हणाला.

विठाने नारळ हातात घेतला, पण काय करावं ते तिला उमजेना. ती खाचरावर गेली तर बांधाबांधावर पाडा उभा. सगळ्यांच्या हातात विळे, सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे. आणि त्या साली तिची लावणी लांबलेली, तिच्या लोंब्या अजून हिरव्या. ठमीचं खाचर मात्र पिवळंधमक, दाणे गळायला लागलेले. आपलं कापावं तर हिरवं जातं. थांबावं तर ठमीचं मातीत जातं.

“ठमे, तुजं पिकलंय. काप ना गो.”

“तू लाव विळा, मंग मी.”

“माजं हिरवं हाय, दिसत नाय?”

“दिसतंय की. पर मान तुजा.”

विठाने बांधावरून सगळीकडे पाहिलं. कुणाचं पिकलं होतं, कुणाचं व्हायचं होतं, आणि एकही माणूस आपल्या भाताकडे बघत नव्हता. तिने नारळ हिरामणच्या हातात परत दिला.

“नारळ तुमी फोडा, भावजी. विळ्याचं मला इचारू नका. ज्यानंत्यानं आपल्या खाचरात वाकून बगावं.”

ती घराकडे चालू लागली. मागे कुजबुज झाली. आपण हे बरं केलं की वाईट, आता पुन्हा वाळीत पडणार की काय, असं तिच्या मनात घोळत होतं. तेवढ्यात विळ्याचा खर्र आवाज आला, मागोमाग दुसरा. ठमीच्याच बाजूने.

“इठे!” वाकल्या-वाकल्या ठमी ओरडली. “पाऊस आला तर तुज्या नावानं आला म्हणेन हां!”

विठाने मलंगगडाकडे पाहिलं. आभाळ कोरं होतं, पण तिला आता आभाळाचाही भरवसा नव्हता.

“म्हण, बाय,” ती म्हणाली. “पर दाणं आत घे आधी.”