पुतळ्याचा तुटका हात

ती सकाळ अजून माझी पाठ सोडत नाही. निवृत्त होऊन राजापेठेत घर बांधलं, नातवंडं झाली, तरी गर्दीचा गलका ऐकला की उठून दाराची कडी तपासतो.

साठ सालची गोष्ट. अकोटला मी नवाच फौजदार होतो. चौकात एका पुढाऱ्याचा, उजवा हात उंचावलेला सिमेंटचा पुतळा होता. कोणाचा, ते सांगत नाही. सकाळी सातला खबर आली, पुतळ्याचा हात तोडून एकजण पळतोय. हवालदारानं त्याला ठाण्याच्या रस्त्यावरच धरलं. कापसाच्या जिनिंगमधला मजूर, रात्रपाळी संपवून निघालेला. दुपट्ट्यात तो हात गुंडाळलेला. आरोपी मुद्देमालासकट सापडला म्हणून मी खूश!

"साहेब, हात खाली पडला होता. लोकाईच्या पायाखाली येईन म्हनून उचलला. ठान्यातच आनून राहिलो होतो."

"मला शिकवतो का रे?" म्हणत मी त्याच्या थोबाडीत दिली.

तासाभरात फाटकाबाहेर माणूसच माणूस झाला. त्याच्या वस्तीनं चार वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. कित्येकांना तेवढं कारण पुरेसं होतं.

"त्याले आमच्या हवाली करा, नाही तं वस्ती जाळतो!"

आम्ही नऊजण. अकोल्याहून कुमक यायला दोन तास. खोटं कशाला सांगू, फाटकाची कडी मी दोनदा तपासली. कोठडीत तो भिंतीला चिकटून बसला होता आणि "माही पोरगी घरी एकटी हाय" एवढंच पुटपुटत होता.

मुद्देमालाला चिठ्ठी बांधताना हाताची तुटकी बाजू समोर आली. सिमेंट नुकतं मोडलं असतं तर आत राखाडी दिसलं असतं. इथं भेगेत पांढरा रंग उतरून वाळला होता. म्हणजे हात जुनाच तुटका होता आणि कोणीतरी वरून रंग फासला होता. दरवर्षी जयंतीआधी पुतळा रंगवायची नगरपालिका. तिच्या मुकादमाला मागच्या दारानं आणलं. हात बघताच तो मटकन खाली बसला.

"दोन सालं झाले साहेब. हार घालाले शिडी हातालेच टेकवली, तं हात निखळला. दुसऱ्या दिवशी जयंती. सिमेटानं चिकटवला अन् रंग मारला. तो जोड आता आपोआप सुटला असन."

"मग बोलला काहून नाहीस?"

"नोकरी गेली असती. आता तं जीवच जाते."

मी त्याचा दंड धरून फाटकाशी नेलं. त्यानं गर्दीसमोर सगळं सांगितलं. एक दगड माझ्या खांद्यावर बसला. गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "शिडी कोनं धरली होती, ते सांग!"

मुकादमानं बोट दाखवलं. सगळ्यात पुढे उभे राहून वस्ती जाळायची भाषा करणारे तिघे खाली बघू लागले. हार घालणारेही तेच होते. म्हाताऱ्यानं त्यांना अशा शिव्या घातल्या की बाकीचे हळूहळू पांगले.

मी कोठडी उघडली. तो उठेना.

"चल, आता खरं काय ते निघालं. भिऊ नकोस."

"खरं तं म्या सकाळीच सांगतलं होतं, साहेब."

पुढच्या सगळ्या नोकरीत, समोरच्याचं बोलणं पुरं ऐकल्याशिवाय मी हात उचलला नाही. त्या दिवशी मात्र त्याला उठवायला मी हात पुढे केला, आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.