सव्वा मुठीची शिरगणती

परग्रहावरची कादंबरी लिहायला घेतली तेव्हा मी यानापासून सुरुवात केली नाही. तिथले लोक काय खातात, मेलेल्यांना कुठे ठेवतात, कुणाला आपलं म्हणतात, हे आधी ठरवलं. उत्खननात सापडलेल्या रांजणावरून त्यात धान्य किती मावत होतं ते कळतं. जेवायला कोण बसत होतं ते कळत नाही. त्यासाठी जिवंत माणसांत बसावं लागतं. मी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांना, म्हणजे भाऊबंदांनी एकत्र बसून खायच्या तिच्या नैवेद्याला, जन्मभर बसत आलो होतो.

श्रावणात आमचे भाऊबंद रोटांचे गहू मोजतात, दर पुरुषामागे सव्वा मूठ. माझ्या घरात मी, बायको आणि मुलगी. गहू सव्वा मूठच. ही चाल मी ग्रहावर नेली. पृथ्वीवरचे संशोधक तिथलं ओसाड गाव खणतात, विधीच्या भांड्यांतल्या धान्यावरून लोकसंख्या काढतात आणि अर्धी माणसं हिशेबातून गळतात. शेवटच्या प्रकरणात त्या गावाच्या हयात वंशजांतली एक म्हातारी मुलींच्याही मुठी टाकू लागते.

मुलीने कच्चा मजकूर वाचला. म्हणाली, "पप्पा, यंदा माझी मूठ धरायला सांगाल?"

रोट पाचोऱ्याजवळ थोरल्या भावाकडे असतात. तो सुपात गहू टाकत होता. सकाळी ते मुलीनेच निवडले होते. चुलतभावाचा पाळण्यातला मुलगाही मोजून झाला, तेव्हा मी म्हणालो, "भाऊ, माझ्या पोरीची एक मूठ धरा."

त्याचा हात थांबला नाही. "तुना पुस्तकमा मोज. आठे देवीनं काम शे."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, पोर उद्या परघर जाई. मंग ती मूठ काय आहेरमा देशात?"

मूठ आहेरात द्यायच्या कल्पनेवर सगळे हसले. हसणाऱ्यांत माझी बायकोही होती.

जळगावला परतताना बसमध्ये मुलगी म्हणाली, "ते शेवटचं प्रकरण काढून टाका. ते लोक असं करणार नाहीत."

"अगं, कादंबरी आहे ती."

"म्हणूनच. सगळ्या पुस्तकात जसे दाखवलेत, तसेच ते शेवटी वागतील. नाहीतर तुमचं जग खोटं वाटेल."

तिचं बरोबर होतं. मी प्रकरण काढलं. पुस्तक आल्यावर एका परीक्षणात लिहून आलं की ग्रहावरचा समाज अगदी खरा वाटतो.

पुढच्या श्रावणात मुलगी गावी आली नाही. भावाने विचारलंही नाही. तिच्या न येण्याने गव्हात काही फरक पडत नव्हता.