हिंमतभाऊंचं नाक

हिंमतभाऊ बॉनेट आधी उघडत नसत. आधी दार उघडायचे, डोकं आत घालायचे, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे आणि मग निकाल द्यायचे. डिंडोलीतल्या त्यांच्या पत्र्याच्या गॅरेजात मी माझी जुनी गाडी पहिल्यांदा नेली, तेव्हा ते हुंगणं बघून मला हसू आलं होतं. "गोड वास शे सर," ते म्हणाले, "कूलंट आतमा गळस." दोन मेकॅनिकांना गाडीखाली झोपून न सापडलेली गळती त्यांनी उभ्या उभ्या सांगितली. डॅशबोर्डमागची हीटरची जाळी झिरपत होती. तिथलं थोडंसं कूलंट जमिनीवर पडत नाही, वाफ होऊन गाडीत मिसळतं. सुरुवातीला वासाशिवाय दुसरा पुरावाच नसतो. भाऊंनी जाळीला डाख दिला आणि मी त्यांचा भक्त झालो.

शिरपूरकडून इकडे कापडाच्या लूमवर कामाला आलेला हा माणूस. इंजिनं शिकला तो बघून बघून. "पानी गायब व्हत नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "कोठे ना कोठे जासच. आपले दिसत नही, इतलंच."

मग तापाची साथ आली. भाऊ वाचले, पण त्यांचं नाक गेलं, कसलाच वास येईना. बायकोशिवाय हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. गिऱ्हाइकांना कळतं, तर गॅरेज त्याच दिवशी बसलं असतं. मलाही ते फार उशिरा कळलं. भाऊ आता दार उघडून म्हणायचे, "सर, गाडीमा बठा. गोड वास येस का?" मला वाटायचं, माझ्या मताला मान मिळतोय. मास्तर माणूस, कुणी मत विचारलं की फुगतोच. मी ऐटीत हुंगायचो, माझ्या गाडीत आणि दुसऱ्यांच्याही.

त्या सकाळी मला सर्दी होती. दुसऱ्या दिवशी धुळ्याला मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा, आणि टाकीतलं कूलंट बोटभर उतरलेलं. भाऊंनी रबरी होस चाचपले, एक सैल क्लिप आवळली, खाली पुठ्ठा घालून पाहिला. पुठ्ठा कोरडा. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. सर्दी कबूल केली असती, तर त्यांनी गाडी ठेवून घेतली असती. "नाही, काही नाही," मी म्हणालो.

शेजारी एक जुनी पांढरी गाडी उभी होती. कामरेजचं एक म्हातारं गुजराती जोडपं तिच्यातून आलं होतं. "सर, तठे बी नाक लावा जरा," भाऊ म्हणाले. आजींनी सीटवरची पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "बेसो, भाई." मी बसलो, हुंगल्यासारखं केलं आणि तिथंही नाही म्हणालो.

बायकोला घेऊन धुळ्याला निघालो. बारडोली सोडली आणि समोरची काच आतून एकदम पांढरी झाली. काही दिसेना. मी ब्रेक दाबला. बायकोनं पदरानं काच पुसली, तर उसाची ट्रॉली हातभर पुढे उभी होती.

फोन केल्यावर भाऊ मोटारसायकलवर आले. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. कूलंटच्या वाफेनं बोट चिकट झालं. "तुमले सर्दी व्हती?" त्यांनी विचारलं. मी होकाराची मान हलवली आणि शिव्यांची वाट पाहिली. ते मात्र रस्त्याच्या कडेला मटकन बसले. "मनं नाक गयं सर, दोन साल व्हयनात. तुमना नाकवर गाड्या सोडत व्हतू."

त्याच संध्याकाळी त्यांनी गिऱ्हाइकांची वही काढली आणि एकेकाला फोन लावला. "गाडी दुसराकडे दखाडा. मनावर भरोसा ठेवू नका." त्यांची बायको डोळे पुसत बाजूला उभी होती. आठवड्यात गॅरेजला कुलूप लागलं. सगळ्यांनी फोन उचलले, फक्त कामरेजच्या त्या आजोबांनी नाही. वहीत नंबर होता, पत्ता नव्हता. भाऊ कामरेजला जाऊन चौकाचौकात विचारूनही आले.

माझी सर्दी चार दिवसांत गेली. भाऊंनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच मला सोसत नाही. शाळा सुटली की मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतो. फोन आमच्या दोघांमध्ये ठेवलेला असतो. पलीकडे कामरेजला घंटी वाजत राहते आणि बंद पडते. "उचलतीन," भाऊ म्हणतात, "गावले गया व्हतीन." मग ते फोन माझ्याकडे सरकवतात आणि मी पुन्हा तोच नंबर लावतो.