सरजाबाईच्या घरातली पानं

सरजाबाई मडावीइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. जीपचा आवाज आला की ती घरात. साहेब गावात आले की ती कुणाच्या तरी पाठीमागे. तिला मी सही शिकवली, पण बँकेत तिचा हात असा थरथरला की मॅनेजरनं ते नाव वाचायला दोनदा चष्मा पुसला. ती लहान असताना खाकी कपड्यातल्या कुणीतरी तिच्या बापाला मोळीसकट उचलून नेलं होतं. तेव्हापासून भीती तिच्या घरी राहायलाच आली होती. मी तिला भागूबाई म्हणायची आणि ती हसून ‘हाव, ताई’ म्हणायची.

मी तेव्हा बचत गटांची सहयोगिनी होते. आईला घेऊन किनवटला एका खोलीत राहायची आणि स्कूटीवरून पाडे पालथे घालायची. मोहगुडा हा त्यातला सगळ्यात आतला, गोंडांचा पाडा. तिथल्या बायकांना उद्योगाच्या योजनेतून पत्रावळ्या दाबायचं यंत्र मिळवून दिलं होतं. सरजाबाई विधवा, एकटी राहणारी, म्हणून यंत्र तिच्या घरात ठेवलं. पळसाची वाळलेली पानंही तिथंच, पार आढ्यापर्यंत रचलेली. घर कुडाचं आणि वर गवताचं छप्पर.

लातूरला रेल्वेनं पाणी आणत होते, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मोहगुड्याचे दोन्ही हातपंप कोरडे पडले होते. उरला होता फक्त ओढ्यातला डोह. माणसं, गुरं आणि रानातली जनावरं, सगळे त्याच्यावरच जगत होते. लग्नं पुढं ढकलली गेल्यामुळे पत्रावळ्यांना गिऱ्हाईक नव्हतं. आणि अशात तालुक्यात हवा उठली होती की किनवट जिल्हा होणार. जिल्हा म्हणजे कचेऱ्या, कचेऱ्या म्हणजे इमारती, आणि इमारती म्हणजे विटा. जिल्हा व्हायच्या आधीच व्यंकटराव वीटभट्टीवाल्यांनी नवी भट्टी घातली. पाणी मात्र कुठंच नव्हतं. ते मोहगुड्यात आले.

“पावसापर्यंत डोहाला इंजिन लावू द्या,” ते म्हणाले. “घरटी एकाला भट्टीवर काम देतो. गटाच्या सगळ्या पत्रावळ्या बी मीच घेतो.”

आता पेसा कायद्यानं पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळाली होती. जंगलाचं, डोहाचं काय करायचं ते पाड्यानं ठरवायचं. मोहगुड्यानं त्या कायद्यात आपली जुनी रीत घातली. तिथं हात वर करत नाहीत. मोहाच्या झाडाखाली डोहाच्या पाण्याची घागर ठेवतात आणि प्रत्येक घरापुढं एक द्रोण मांडतात. मान्य असेल त्यानं पाणी प्यायचं. एका जरी घरानं द्रोण तसाच ठेवला, तर तो विषय पुढचा पावसाळा सरेपर्यंत काढायचा नाही. आणि का नाही प्यालास, असं कुणी विचारायचं नाही. मला तर हा निव्वळ पोरखेळ वाटायचा. असा कारभार चालतो का कुठं?

सभेच्या आदल्या दिवशी मी सरजाबाईकडे पानं निवडत बसले होते. तिनं पाणवठ्यावर एवढंच विचारलं होतं, “डोह आटला तर पेयाचं काय?” भीत भीतच विचारलं असणार. पण ते व्यंकटरावांच्या कानावर गेलं होतं. ते सरळ दारात आले. बोलायला अगदी गोड माणूस. वाकून एक पान उचललं आणि मुठीत चुरगाळलं. पानाचा भुगा झाला.

“लई वाळलीत, सरजाबाई. घर बी गवताचं. एकल्या राहता. इस्तवाला जपत जा.”

मग हातातली बिडी त्यांनी दाराबाहेर टाकली, बुटानं नीट विझवली आणि नमस्कार करून गेले.

सरजाबाईच्या मांडीवरची पानं घरंगळून खाली पडली, ती उचलायचंही तिला सुधरेना.

“मी उद्या पेईन पानी, ताई. मला न्हाई जमत हे.”

“प्या,” मी म्हटलं. “कोणी नाव ठेवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी ऊन असं की जमिनीवर पाय ठेववत नव्हता. व्यंकटराव एका बाजूला खुर्ची टाकून बसले. गावचे जाणते ग्यानोबा घागरीतून एकेका द्रोणात पाणी ओतत गेले. द्रोण सरजाबाईनंच टाचलेले होते. तिचा दीर मारोती पहिला प्यायला. त्याला दोन मुलं, दोघंही कामावाचून बसलेली. मग दुसरं घर प्यालं, मग तिसरं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

सरजाबाईची पाळी आली. तिनं द्रोण उचलला आणि अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. तोंडाशी नेला. मी मनात म्हणत होते, पी गं बाई, पी एकदाचं. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता, ओठ फुटले होते. ती तशीच थांबली. मग दोन्ही हातांनी तिनं तो द्रोण खाली ठेवला, उरलेलं पाणी सांडू नये अशा बेतानं, आणि पदर तोंडात कोंबून बसली.

मारोती ताडकन उठला. पण विचारायचं नाही ही रीत. त्याचा चेहरा लालबुंद झाला आणि तो पुन्हा खाली बसला. ग्यानोबांनी घागर मोहाच्या बुंध्याशी ओतली. विषय संपला. व्यंकटराव खुर्चीवरून उठले, हसले, “बरं, बघू,” म्हणाले आणि गेले.

“वास आला डोहाचा,” सरजाबाई मला घरी सांगत होती. “मंग गिळलंच न्हाई गेलं.” ती दारात बसायला तयार नव्हती आणि आतही. चूल तर तिनं पेटवलीच नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा मारोती येताना दिसला. सरजाबाई यंत्राच्या आड गेली. मला वाटलं, आता हा हात उगारणार, आणि मी उठून मध्ये उभी राहिले. त्यानं मला बाजूला केलं, पानांचा एक भारा खांद्यावर घेतला आणि आपल्या घरी नेला. त्याच्यामागून त्याची बायको पंचफुला आली, तिनं एक नेला. मग दुसऱ्या घरातली माणसं आली, मग तिसऱ्या.

सरजाबाई धावत बाहेर आली. “नका नेऊ! तुमची बी घरं गवताची हायत! खामखा समद्यांना...”

“एक घर जाळणं सोपं अस्तंय, पोरी,” ग्यानोबा भारा सावरत म्हणाले. “अख्खा पाडा जाळायचा म्हणल्यावर त्याला बी जरा भ्याव वाटू दे की.”

घर रिकामं झालं. यंत्र तेवढं राहिलं आणि जमिनीवर थोडा चुरा. सरजाबाई त्या दिवसात पहिल्यांदा तांब्याभर पाणी घटाघट प्यायली.

“आता तरी गेली ना भीती?” मी विचारलं.

“कशाची जाते, ताई? सकाळी माझ्यापुरती व्हती. आता समद्यांसाठी भ्याव वाटून राहिलं.”

दाराबाहेर एक लहानसा भारा उरला होता. तो न्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच तो स्कूटीला मागं बांधला. किनवटपर्यंत प्रत्येक मोटरसायकलच्या आवाजाला मी मागं वळून बघत होते. खोलीवर पोचल्यावर भारा कोपऱ्यात ठेवला आणि तिथंच बसून राहिले.

आई रोजच्यासारखी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं वंदनेला उभी राहिली. तिनं मेणबत्ती लावायला काडी ओढली आणि मी किंचाळले, “आई, विझव ती आधी!”

आईनं काडी विझवली. कधी नव्हे ते तिनं माझ्याकडे घाबरून पाहिलं आणि मग त्या पानांकडे.