मांडीखालचे हात

"साकू. हात खाली."

थोरल्या जावेनं माझे दोन्ही हात धरले आणि माझ्याच मांडीवर दाबून ठेवले. म्हैसूरच्या आमच्या घरात, पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत. समोर माझी तीन वर्षांची मुलगी उभी होती. लाडू संपला की हात पूस, एवढंच मी तिला सांगत होते. खुणांनी सांगत होते, कारण आम्ही दोघी बहिऱ्या.

जावेला आम्ही अक्का म्हणतो. तिला ऐकू येतं, म्हणून घरात तिचा शब्द चालतो. ती तोंड वासून, एकेक शब्द चावून बोलते. मी ओठ वाचते. "पोरीसमोर हे हातवारे बेडा. नाहीतर तीबी तुझ्यासारखी मूगी राहील." बेडा म्हणजे नको, मूगी म्हणजे मुकी. पाहुण्या बायका हसल्या. हसणं कळायला ओठ वाचावे लागत नाहीत.

मग ती आणि सासूबाई भराभर बोलू लागल्या, माझ्याकडं पाठ करून. शेवटी अक्का वळली. "कळलं ना?"

मी मान डोलावली.

हा आम्हा बहिऱ्यांचा जुना रोग. शाळेत बाईंनी "कळलं?" विचारलं की मान हलवायची, म्हणजे त्या पुढं सरकतात. नाही म्हटलं तर फळ्यापाशी उभं करून तोच शब्द घशातून काढायला लावतात आणि वर्ग बघत बसतो. खुणा केल्या तर बोटांवर पट्टी. मग डॉक्टरपुढं, कंडक्टरपुढं, सगळीकडं मी मान हलवत आले. माझं लग्नही मानेवरच उरकलं. नशीब बरं, नवरा बहिराच मिळाला.

या वेळी मान कशाला हलवली, ते संध्याकाळी कळलं. अक्कानं मुलीचे कपडे वरच्या मजल्यावर नेले. बोलायला शिकेपर्यंत पोरगी तिच्याकडं राहणार. मी भेटायचं, पण हात न हलवता. नवरा कारखान्यातून आला, त्यानं विचारलं, तू हो म्हणालीस? मान तर मीच हलवली होती. त्यानं हात खिशात घातले. आमच्यात गप्प होणं म्हणजे तेच.

आणि खरं सांगते, मला ते पटलंही होतं. माझ्याच पोटातून हे बहिरेपण घेऊन ती आली, आता आणखी नुकसान नको. मला माझ्या हातांची लाज वाटायची.

रोज सकाळी अक्का तिला मांडीवर घ्यायची आणि कानाला तोंड लावून ओरडायची. गळ्याच्या शिरा फुगलेल्या दिसायच्या. "आ-ई. आ-ई." आई जिन्यात उभी राहून बघायची.

एका दुपारी वर गेले तर मुलगी कोपऱ्यात. अंग तापलेलं, डोळे सुजलेले. अक्का म्हणाली, "सकाळपास्नं हट्ट चाललाय. शब्द काढत नाही." मी तिच्यासमोर बसले आणि हातांनीच विचारलं, कुठं दुखतं? मुलीनं आधी अक्काकडं बघितलं. मग दोन्ही हात मांडीखाली सारले आणि त्यांच्यावर बसली.

दुखलं तरी सांगायचं नाही, एवढं ती शिकली होती. बाकी काहीच शिकली नव्हती.

मी तिचे हात ओढून बाहेर काढले. पुन्हा विचारलं. तिनं उजवा कान दाखवला. आत पू झाला होता. अक्का रोज शब्द ओतायची तोच कान. "स्वल्प थांब," अक्का म्हणाली, "उतरेल ताप. आणि तूच हो म्हणालीस." मी हातानं नाही म्हटलं. ती खूण समजायला कुणाला शाळा लागत नाही. मुलीला उचललं आणि रिक्षानं दवाखान्यात नेलं. त्यानंतर तिला वर पाठवलं नाही.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही बहिरे लोक बसस्टँडजवळ दिव्याखाली जमतो. उजेड नसला की आमचं बोलणं बंद. बन्नूरहून एक म्हातारे काका येतात, जन्माचे बहिरे, वाचनाचं वेड असलेले. कान बरा झाल्यावर मुलीला मी तिथं नेलं. काका सांगत होते, फ्रान्समध्ये एकेकाळी बहिरेच मास्तर होते. त्यांच्यातला एक बोटीनं अमेरिकेला गेला आणि त्यानं तिथं शाळा उभी केली. पुढं इटलीत ऐकणाऱ्या मास्तरांची परिषद भरली आणि ठरलं, शाळेत खुणा बंद. काका म्हणाले, मत द्यायला त्यांनी हातच वर केले असतील. सगळे हसले. मला हसू आलं नाही. तो ठराव माझ्या शाळेपर्यंत आला होता, आणि पुढं माझ्या मुलीपर्यंत मी आणला होता.

आमच्यात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. ते बहिऱ्यांनीच द्यायचं. मुलीला ते मी मिळू दिलं नव्हतं. काकांनी तिला नीट निरखलं आणि हनुवटीवरच्या खळीवर बोट टेकवलं. तिनं लगेच स्वतःच्या खळीवर बोट ठेवलं.

अक्का दुष्ट नाही. पोरीला तिनं पोटच्यासारखं जेवू घातलं. पण पोरगी आजही काही दुखलं की आधी समोरच्याचं तोंड बघते, सांगू का म्हणून. ते मी होऊ दिलं. माफी मागून ते जाणार नाही, म्हणून मी मागत नाही.

तिला तोंडानं बोलता आलं तर येऊ दे, मी आड येणार नाही. पण स्वतःचं दुखणं सांगायला जिथं परवानगी लागते, त्या घरात ती राहणार नाही. खोली बघून ठेवली आहे. नवऱ्यानं खिशातले हात काढून हो म्हटलंय. सोमवारी आम्ही तिघं निघतोय.